मागच्या सीटचा दांडा

परवा गोंदियाला एका लग्नात माझ्या समोर जेवायला बसलेल्या गृहस्थांनी बालाघाटच्या विमानाची गोष्ट सांगितली. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. पन्नाशीपुढचे, बोलके, दर वाक्याला हात हलवणारे. म्हणाले, "आमच्या बालाघाटात एका वर्कशॉपवाल्यानं विमान बनवलंतं, दोन सीटचं. एका मोठ्या माणसाले बसवलं अन् धाडकन पाडलं. नकाशा कोण्या पोरीनं काढलाता म्हणे. तिनं दांडाच चुकवला!" शेजारचे चारपाच जण खदाखदा हसले.

मी म्हणाले, "दांडा चुकला नव्हता. तो नकाशा माझा होता."

कुणीतरी वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात जिलबी वाढायला लावली. झालं. इतक्या वर्षांनी माझ्या बाजूनं जे काही ऐकून घेतलं गेलं ते एवढंच, आणि वर जिलबी. घरी आल्यावर मी वही काढली. जे झालं ते लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बालाघाटात घराघरांत टीव्ही येऊ लागले होते तेव्हाची. मी तेवीस वर्षांची होते. वडील जंगल खात्यात कारकून. मी नागपूरला आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आले होते आणि गोंदिया रोडवरच्या एका खासगी वर्कशॉपमध्ये नकाशे काढायला लागले होते. राइस मिलची यंत्रं दुरुस्त करणारं वर्कशॉप ते. दिवसभर मी पुल्या, शाफ्ट, धान वर चढवणारे पट्टे असलं काढायची. मालकाला सगळे सेठजी म्हणत. ते हिंदीत बोलायचे आणि माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचे.

तिथले मुख्य मिस्त्री म्हणजे काकाजी. माझे कोणी नात्यातले नव्हते, पण सगळं वर्कशॉप त्यांना काकाजीच म्हणायचं. राजेगावजवळच्या एका खेड्यातले, धानशेती असलेल्या घरातले. हवाई दलात सतरा वर्षं विमानांची दुरुस्ती करून परत आले होते. मधे एका गावी पोस्टिंग असताना तिथल्या क्लबात ते ग्लायडर उडवायला शिकले होते, बिनइंजिनचं विमान. हे ते फारसं कुणाला सांगत नसत. सांगितलं की लोक हसत.

एके सकाळी त्यांनी माझ्या ड्रॉइंग बोर्डावर सिमेंटच्या पोत्याचा एक कागद पसरला. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं होतं: वर एक लांब पंख, खाली नळ्यांचा सांगाडा, एकामागे एक दोन खुर्च्या.

"हे कोणत्या मिलचं यंत्र आहे?" मी विचारलं.

"मिलचं नाई, बाई. विमान हाये. मोटारसायकलच्या इंजिनवर उडते. मले मापात काढून दे."

"दोन सीट काहून? एका सीटचं हलकं होईल ना."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "एकट्या माणसाले उडनं शिकता येत नाई," ते म्हणाले. "कोणाच्यातरी मांगं बसून शिकाव लागते. म्या शिकवीन. पहिले तुले."

मला शिकवतो असं त्याआधी कुणी कधी म्हटलं नव्हतं. शाळेत, आयटीआयमध्ये, घरी, सगळीकडे मी हट्ट करूनच शिकले होते.

सेठजींनी मागची शेड वापरायला दिली. अट एकच, पंखाखाली वर्कशॉपचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. आम्ही सुट्टी झाल्यावर आणि रविवारी काम करायचो. सांगाडा अल्युमिनियमच्या नळ्यांचा. पंखाला जाड टेरिलिनचं कापड, ते बाजारातल्या तंबू शिवणाऱ्या शिंप्याकडून शिवून घेतलं. इंजिन तेव्हा नव्यानं आलेल्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलचं, अपघातात मोडलेल्या गाडीतून काढलेलं. ते पंखाच्या मागे बसवलं आणि पंखा त्याच्याही मागे, म्हणजे विमान ओढलं जात नव्हतं, ढकललं जात होतं. इंजिन फार जोरात फिरतं, पंखा तेवढा फिरवून चालत नाही. म्हणून मधे लहानमोठ्या पुल्या लावल्या, आणि पट्टे राइस मिलचेच. ते गणित माझ्या हातातलंच होतं. लाकडी पंखा काकाजींनी सागाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, तासून तयार केला. महिनाभर ते तो दोरीला टांगून कुठली बाजू जड आहे ते बघत होते.

मागची सीट कुठे ठेवायची हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. विमान ज्या जागी तोललं जातं, बरोबर त्या जागेवर ती हवी. म्हणजे तिच्यावर कुणी बसो वा न बसो, विमानाचं नाक खाली जाणार नाही की शेपूट बसणार नाही. ती जागा मी तीन आठवडे हिशेब करून काढली. प्रत्येक नळीचं, प्रत्येक नटाचं वजन केलं. पंख तयार झाल्यावर तो उलटा ठेवून आम्ही त्यावर धानाची पोती रचली. पंख वाकला, पण मोडला नाही. काकाजींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

आणि तो दांडा. विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा दोन्ही सीटांना होता, आणि खालून एका नळीनं जोडलेला. मागच्यानं ओढला की पुढचा हलायचा, पुढच्यानं ओढला की मागचा. शिकायला-शिकवायला तेच हवं होतं. त्याचं माप मी स्वतः लाकडी चौकटीवर बसून घेतलं. पूर्ण ओढला की तो माझ्या पोटापासून चार बोटांवर यायचा. मीच काकाजींना म्हणाले, "उद्या कुणी जाड माणूस बसला तर? दांडा त्याच्या पोटाला अडेल. मागचा अडला की पुढचाही अडला."

म्हणून मी तिथे एक पिन दिली. पिन काढली की मागचा दांडा हातात निघून येतो. नकाशावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मागे जाड माणूस असेल तर दांडा काढून ठेवावा. मागे साठ किलोच्या वर बसवू नये. ऊन चढल्यावर दोघांनी उडू नये. खाली माझी सही. काकाजींनी वाचलं आणि त्यांनीही सही केली.

हे मी मुद्दाम इतकं सविस्तर लिहिते आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी हे वाचून हसावं.

काकाजींच्या गावाबाहेर जनावरं गोळा करायचं आखर होतं, लांबरुंद आणि सपाट. ट्रॉलीवर घालून विमान तिथे नेलं. थंडीच्या दिवसांत आठ-दहा सकाळी ते एकटेच उडाले, मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून. मग एका सकाळी ते पोतं सोडून खाली टाकलं आणि मला म्हणाले, "बस."

भावाची पॅन्ट आणि वडिलांचा स्वेटर घालून मी बसले. चाकांची खडखड थांबली तेव्हा कळलं की आपण जमीन सोडली. बाघ नदीवर पांढरं धुकं होतं. कापलेल्या धानाच्या बांध्या खाली चौकोन चौकोन दिसत होत्या, आणि गावातली माणसं तोंड वर करून नुसती उभी होती. इंजिनच्या आवाजात काकाजी ओरडले, "दांडा तू धर! म्या सोडला!" आणि मला दिसावं म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले. विमान माझ्या हातात होतं. मी दांडा दोन बोटं ओढला, नाक दोन बोटं वर गेलं. मी काढलेलं माप होतं ते.

त्या हिवाळ्यात मी कितीतरी वेळा उडाले. शेवटी शेवटी उतरवायलाही शिकले. काकाजी नुसते पुढे बसायचे, हात मांडीवर ठेवून.

मग सेठजींना कार्यक्रम करायची हौस आली.

जिल्ह्यातले एक बडे कंत्राटदार होते, त्यांना बोलवायचं ठरलं. ते खूश झाले तर वर्कशॉपला मोठी कामं मिळणार होती. काकाजी आणि मी उडून दाखवणार, असं आधी ठरलं होतं. मी सीट पुसून ठेवली होती. आईनं माझ्यासाठी जुन्या चादरीची पॅन्ट शिवली होती. एप्रिल महिना. पाहुणे सकाळी सातला येणार होते, ते आले साडेअकराला. ऊन असं होतं की विमानाच्या नळीला हात लावला तर चटका बसावा.

काकाजींनी सेठजींना बाजूला घेऊन सांगितलं, "आता उडू नये. उन्हानं हवा पातळ झाली, दोघांले उचलनार नाई. उद्या सकाळी या म्हणा."

सेठजी म्हणाले, "इतने लोग आए हैं, और तुम बोलते हो कल?"

मी आधीच मागच्या सीटवर जाऊन बसले होते. सेठजी माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच माझ्याकडे थेट बघून बोलले, "नीचे उतर. साहब बैठेंगे."

मी उतरले.

याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. सेठजींचा नाही, कंत्राटदाराचा नाही, माझा. वजनाचं माहीत होतं, उन्हाचं माहीत होतं, दांड्याचं तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी उतरले, आणि वर खांद्यावरची ओढणी सारखी केली.

कंत्राटदार सीटमध्ये बसले म्हणजे कोंबले गेले. कमरेचा पट्टा पुरेना, मग दोरी जोडून बांधला. मी पुढे होऊन पिनेला हात घातला.

"क्या कर रही है?" सेठजी.

"दांडा काढते. ह्यांच्या पोटाला अडेल."

कंत्राटदार हसले. "फिर मैं पकडूंगा क्या?"

गोंदियाहून आणलेला फोटोग्राफर समोर कॅमेरा लावून उभा होता. सेठजी म्हणाले, "फोटू में डंडा दिखना चाहिए. हट."

मी काकाजींकडे पाहिलं. नकाशावर त्यांची सही होती. सतरा वर्षं विमानांजवळ काढलेला माणूस. ते एक शब्द बोलले असते तर मी त्या पिनेवरून हात काढला नसता. ते माझी नजर चुकवत म्हणाले, "एक चक्कर, बाई. सरळ जातो अन् सरळ येतो. होऊन जाते."

मी हात काढला.

विमान आखराच्या टोकापर्यंत धावलं तेव्हा कुठे जमिनीवरून सुटलं. एका घराच्या छपराइतकं वर गेलं आणि तिथेच राहिलं, वर चढेना. समोर बाभळी होत्या. काकाजींनी योग्य तेच केलं, इंजिन कमी करून पुढच्या मोकळ्या शेतात उतरायला घेतलं. नाक खाली आलं. आता टेकायच्या आधी दांडा पूर्ण ओढायचा असतो, म्हणजे नाक उचलतं आणि मागची चाकं आधी टेकतात. मी आखरावरून बघत होते. नाक उचललं नाही. पुढचं चाक शेताच्या बांधात, धुऱ्यात, घुसलं आणि विमान उलटं झालं.

पळत मी पोचले तेव्हा कंत्राटदार पट्ट्यात लोंबकळत होते, नाकातून रक्त येत होतं आणि दांडा त्यांच्या पोटात रुतलेला होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो अजून धरलाच होता. त्यांना बाहेर काढता येईना. मी पिन काढली, दांडा सुटला, आणि मग लोकांनी त्यांना ओढून काढलं. हे तिथल्या पन्नास माणसांनी पाहिलं. काकाजींचा घोटा नळ्यांत चिरडला होता. दोन बरगड्याही मोडल्या होत्या. ते ओरडत नव्हते. "अडला," एवढंच म्हणत होते. "अडला. अडला."

चौथ्या दिवशी सेठजींनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की नकाशा काढणाऱ्या मुलीनं दांड्याची लांबी चुकीची धरल्यामुळे अपघात झाला, वर्कशॉपला याची कल्पना नव्हती. खाली वर्कशॉपमधल्या अकरा जणांच्या सह्या होत्या. सगळ्यात वरची काकाजींची. हॉस्पिटलच्या खाटेवर जाऊन घेतलेली, वाकडीतिकडी.

"तू भी कर दे," सेठजी म्हणाले. "गलती हो जाती है. लड़की है, कोई कुछ नहीं बोलेगा."

मी म्हणाले, "माझा नकाशा आणा. त्यावर काय लिहिलंय ते वाचा."

नकाशा सापडत नव्हता. दोन वर्षांचे राइस मिलचे सगळे नकाशे कपाटात नंबरवार लावलेले होते, फक्त तेवढाच नव्हता. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

निघताना मी शेडमध्ये गेले. मोडक्या सांगाड्याजवळ तो दांडा पडला होता. तो उचलला, थैलीत घातला आणि सायकलवरून थेट कंत्राटदाराच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, नाकावर पट्टी, भोवती सातआठ माणसं. मी एक खुर्ची ओढून मधे ठेवली आणि म्हणाले, "इसपर बैठिए."

माणसं उठायला लागली. कंत्राटदारांनी हात करून त्यांना बसवलं आणि खरंच येऊन खुर्चीत बसले. मी दांड्याचं खालचं टोक खुर्चीपुढे, विमानात होतं त्याच अंतरावर फरशीवर टेकवलं आणि वरचं टोक त्यांच्या हातात दिलं. "खींचिए. पूरा."

त्यांनी ओढला. अर्ध्यातच तो पोटाला टेकला.

"अब मैं बैठती हूं," मी म्हणाले. बसले, ओढला. चार बोटं जागा उरली.

कंत्राटदार थोडा वेळ दांड्याकडे बघत राहिले आणि मग हसले. चांगलं हसले, मोकळं, माझ्याबद्दल कौतुक असल्यासारखं. "बात तो तेरी सही है, बिटिया," ते म्हणाले. "पर अब कागज हो गया." आणि आतल्या बाईंना सांगितलं, हिच्यासाठी सरबत आणा.

मला वाटलं होतं ते चिडतील, हाकलतील. त्यांनी कबूल केलं, आणि काही म्हणजे काहीही बदललं नाही. माणसाला खरं कळत नाही म्हणून तो अन्याय करतो, असं मला तोवर वाटायचं. सरबत न पिता मी निघाले. सायकल चालवताना रडायला येत होतं आणि त्या रडण्याचाही संताप येत होता.

सेठजींनी विमानाचे तुकडे करून विकले. नळ्या टीव्हीचे अँटेना लावणाऱ्यानं घेतल्या. पुढे वर्षभर मी बालाघाटच्या गल्ल्यांतून जाताना मान वर करायची नाही. कुठल्या छपरावर आपल्या पंखाची नळी उभी आहे, हे मला ओळखू यायचं. भोकं मीच आखली होती.

दिवाळीच्या सुमारास काकाजी घरी आले. काठी टेकत, उजवा पाय ओढत. आईनं त्यांना पाट दिला. त्यांना खाली बसता येईना, मग खुर्ची दिली. बराच वेळ ते धानाबद्दल, पायाबद्दल बोलले. मी उभीच होते.

"काकाजी, तुम्ही सही काहून केली?" मी शेवटी विचारलं.

"दवाखान्यात होतो, बाई. सेठजी म्हणे, सही केली तर नोकरी राह्यते. तुयं लगन होऊन जाईल, तू निघून जाशीन. माह्यं कोण पाह्यते?"

"मी विमान शिकत होते. लग्न नाही."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या पुढ्यात धरला. मला एक क्षण वाटलं, खरं काय झालं ते लिहून आणलंय. घेऊन उघडला. त्यावर पेन्सिलीनं नळ्यांचा सांगाडा होता, वर पंख, खाली एकच खुर्ची.

"मापात काढून दे," ते म्हणाले. "आता कोणाले मांगं बसवत नाई. मांगचा माणूसच नको. दांडा एकच."

इतक्या महिन्यांचा सगळा राग तेव्हा बाहेर आला. आई स्वयंपाकघरातून धावत आली इतक्या मोठ्यानं मी बोलले. म्हणाले, "दुसरी सीट चुकली नव्हती! दुसऱ्या सीटवर कोणाला बसवलं ते चुकलं. तुम्हाला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि दोघंही गप्प बसलो. त्याच्यासाठी आता सीटच काढून टाकता?"

"बाई, हळू बोल," ते म्हणाले.

"एका सीटचं मी काढत नाही. आधी त्या कागदावर काय खोटं लिहिलंय ते लिहून द्या, मग पाहिजे तर दहा सीटचं काढते."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन, घडी करून खिशात ठेवला, चहा अर्धा पिऊन काठी घेतली. मी त्यांना गोंदियाच्या बसपर्यंत सोडायला गेले नाही. आईनं धाकट्या बहिणीला पाठवलं.

त्यांनी पुढे विमान बांधलं नाही. मला एका सरकारी संस्थेत मशीन ड्रॉइंग शिकवायची नोकरी लागली आणि तिथेच तीस वर्षं काढली. काकाजी गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, राजेगावकडच्या एका विद्यार्थ्याकडून. वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं मी कधी फार मनावरही घेतलं नाही.